‘साबण विकावा तसा’ या प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या ‘प्रचाराची रील कशी करावी’ या लेखावर ‘एक जुना वाचक’ अशा सहीने प्रतिक्रिया आली आहे. ती अशी: "साबण विकावा तसा नगरसेवक विकायला शिकवताय. तीस सेकंदांत प्रभागाचं काय कळणार? आणि या रीलांचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात कुठे दिसतो, तेही एकदा लिहा. बाकी लेख ठीक."

‘बाकी लेख ठीक’ वाचून हसू आलं. आधी कानफटात द्यायची आणि मग पाठीवरून हात फिरवायचा, ही आपली पेठी तऱ्हा मला नवीन नाही. माझं लहानपण पुण्याच्या सदाशिव पेठेतच गेलं. पण मी माझ्या नावाने लिहितो. जुन्या वाचकाला नाव नसतं का?

एक मान्य. ‘तीन सेकंदांत मतदार खिशात’ हे उपशीर्षक भडक होतं. काढून टाकलं.

आता साबण. साहेब, मी काही रीलमुळे या धंद्यात आलेलो नाही. ‘ताई, माई, अक्का’ स्वतःच्या आवाजात कॅसेटवर भरून, रिक्षाला भोंगा बांधून शनिवार-नारायण पेठांत फिरलोय. रात्री चुन्याची बादली घेऊन भिंती रंगवल्यात. त्या भोंग्यातून प्रभागाचं काय कळायचं? नाव आणि चिन्ह, संपलं. तेव्हा कुणाला साबण आठवला नाही. मुलांच्या हातात मोबाइल आला आणि एकदम लोकशाही धोक्यात आली!

आणि काय कळतं म्हणता, तर ऐका. धायरीतल्या एका उमेदवाराचं काम होतं. त्यांना सुरुवातीला वरच्या नेत्यांचे फोटो, मग हात जोडलेले ते स्वतः आणि शेजारी पाच पदाधिकारी हवे होते. उभ्या चौकटीत पाच पदाधिकारी मावत नाहीत, दोघे रुसले. मी सुरुवात केली ती नळापासून. तोटी फिरवली, फुस्स आवाज, खाली कोरडी कळशी, आणि मागे टँकर रिव्हर्स घेताना वाजणारी ती टिणटिण. मग एक आजी विचारतात, "२०१७ला महापालिकेत घेतलं, पाणी कधी घेणार?" उमेदवार त्यानंतर. खाली ठळक अक्षरांत आजींचं वाक्य, कारण पीएमपीच्या बसमध्ये उभा माणूस आवाज बंद ठेवूनच बघतो. यात साबण कुठे आला? जाहीरनाम्याच्या सतराव्या पानावर हेच ‘समान पाणीपुरवठा’ म्हणून छापलेलं असतं, आणि ते पान तुम्ही वाचलंय असं मी धरून चालतो.

शिवाय मार्च २०२२ला पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक बसला. आपला नगरसेवक कोण, हे सांगायलाही मग जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत कुणी उरलं नव्हतं. त्यात चार सदस्यांचा प्रभाग म्हणजे अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची. चौघांचे चेहरे तरी लोकांना माहीत होऊ देत की नको? (धायरीची ती रील तीस नाही, बेचाळीस सेकंदांची होती. मोजून टीका करा.)

राहिला खर्च. त्याला नियम आहेत. सोशल मीडियावरच्या जाहिरातीचा, मजकूर तयार करण्याचा, त्यासाठी ठेवलेल्या माणसांच्या पगाराचा खर्चही हिशेबात धरायचा, असं केंद्रीय निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३मध्येच लोकसभा-विधानसभेसाठी सांगून ठेवलंय. विधानसभेला आपल्याकडे मर्यादा ४० लाखांची. महापालिकेचं राज्य निवडणूक आयोग बघतो. मी माझं बिल देतो. ते पुढे कुठे लावतात, लावतात की नाही, ते उमेदवाराला विचारा. मी रील करतो, ऑडिट नाही. आणि कार्यकर्ते हौसेने फिरवतात त्या रीलचं बिल कुणी कुणाला द्यायचं, हे तुम्हीच सांगा.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तर लावेन. ‘जुना वाचक’ या नावाने आली तर नाही.