हप्ता भरताय, पण मुद्दल किती कमी झालं?

कर्जात अडकलेल्या माणसाला आपल्याकडे ठरलेले दोन सल्ले मिळतात. "खर्च कमी करा" हा एक, आणि "एकच मोठं कर्ज काढून बाकीची सगळी मिटवून टाका" हा दुसरा. पहिला चुकीचा नाही, पण तेवढ्याने काही होत नाही. दुसरा मला धोक्याचा वाटतो. मोठ्या कर्जातून क्रेडिट कार्डं रिकामी होतात, रिकामी झालेली लिमिट वर्षभरात पुन्हा वापरली जाते, आणि घरात जुनं-नवं दोन्ही नांदू लागतं.

थोडं थोडं करत कर्ज फिटतं, नक्की फिटतं. अट एकच, हप्त्याच्या वर भरलेला रुपया मुद्दलात पडला पाहिजे. दर महिन्याला इमानेइतबारे पैसे भरूनही वर्षाअखेर आकडा तिथेच राहतो, त्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

सुरुवात वहीच्या एका पानाने करा. प्रत्येक कर्जापुढे पाच गोष्टी लिहा: आज शिल्लक मुद्दल, व्याजदर, हप्ता, हप्त्याची तारीख, मुदतीआधी फेडल्यास लागणारं शुल्क. शिल्लक हप्त्यांची बेरीज लिहू नका, तिच्यात पुढचं व्याज धरलेलं असतं. आणि सगळे व्याजदर द.सा.द.शे. मध्ये आणा, कारण प्रत्येक जण वेगळ्या मापात बोलतो. कार्डवाला महिन्याला साडेतीन टक्के म्हणतो, म्हणजे वर्षाला ४२. खासगी सावकार "शेकडा ५" म्हणतो, म्हणजे वर्षाला ६०. गाडीच्या कर्जावर "फक्त १० टक्के फ्लॅट" सांगितलं असेल, तर ३ वर्षांच्या मुदतीला तो दर घटत्या शिल्लकीवर सुमारे १८ टक्के पडतो. मुद्दल कमी होत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत मूळ रकमेवर धरलेलं असतं.

आता क्रेडिट कार्ड, कारण पगारदारांच्या घरात सगळ्यात महाग कर्ज बहुधा हेच असतं. समजा ६०,००० थकलेत आणि दर महिना ३.५ टक्के. महिन्याचं व्याज २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, एकूण २,४७८. तुम्ही ३,००० भरले, तर मुद्दलात गेले फक्त ५२२. दर महिन्याला ३,००० च भरत राहिलात तर फिटायला ४४ महिने लागतात आणि खिशातून जातात जवळपास १ लाख ३० हजार. हप्ता ५,००० केला, तर तेच १७ महिन्यांत संपतं, साधारण साडेचौऱ्याऐंशी हजारांत. वरच्या २,००० रुपयांनी ४४ चे १७ महिने केले, कारण ते अख्खे मुद्दलात गेले. म्हणून बिलावरच्या "मिनिमम ड्यू" आकड्याकडे बघूच नका. तो भरला की लेट फी टळते, कर्ज मात्र फारसं हलत नाही. आपली रक्कम आपण ठरवायची आणि बिल कमी आलं तरी तीच भरायची.

हा सगळा हिशेब त्या कार्डावर नवी खरेदी होणार नाही असं धरून आहे. थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, किराण्याच्या बिलावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. शॉपिंग अ‍ॅपमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाका, बँकेला सांगून लिमिट कमी करून घ्या. शिवाय व्याज रोजच्या शिल्लकीवर चढतं, म्हणून पैसे शेवटच्या तारखेपर्यंत थांबवू नका. पगार झाला त्याच दिवशी भरा.

घरात सोनं असेल तर त्याचा विचार जरूर करा. तेच ६०,००० सोनेतारणावर १२ टक्क्यांनी उचलून कार्ड मिटवलं आणि महिन्याला तेच ५,००० भरले, तर १३ महिन्यांत सुमारे ६४ हजारांत मोकळे. वीस हजारांचा फरक म्हणजे लहान रक्कम नाही. पण इथेही मुद्दल विसरलं जातं. सोनेतारणात फक्त व्याज भरून वर्षाअखेर कर्ज नवं करून घ्यायची सोय असते, आणि बायकोच्या बांगड्या वर्षानुवर्षं लॉकरमध्ये पडून राहतात. शेवटी हप्ते तुंबले की लिलावाची नोटीस. कर्ज घेतानाच विचारा: दर महिन्याला मुद्दलात पैसे घेणार का? "नाही" म्हणाले तर दुसरी बँक बघा.

आधी कुठलं कर्ज फेडायचं यावर लोक हिरिरीने भांडतात. माझं मत सरळ आहे: सगळ्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवायचे आणि जादाचा पैसा सगळ्यात महाग दराच्या एकाच कर्जावर टाकायचा. पाच ठिकाणी पाचशे-पाचशे वाटू नका. अपवाद एकच, एखाद्या कर्जाचे तीन-चार हप्ते उरले असतील तर ते आधी संपवा, कारण त्याने हप्ता मोकळा होतो. मोबाइलचा २,००० चा हप्ता संपला की त्याच महिन्यापासून ते २,००० कार्डावर गेले पाहिजेत, ५,००० चे ७,००० झाले पाहिजेत. बहुतेक घरांत गाडी घसरते ती इथे. मोकळा झालेला हप्ता महिन्याभरात घरखर्चात मुरतो आणि मग कुठे गेला ते सापडत नाही.

जादा भरायला सुरुवात करण्याआधी १०-१५ हजार वेगळ्या खात्यात बाजूला ठेवा. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं, मग गणपती, मग दिवाळी. हे खर्च दरवर्षी येतात आणि दरवर्षी अचानक आल्यासारखे कार्डावर जातात. मात्र ४२ टक्के भरत असताना ७ टक्क्यांच्या आरडीत पैसे टाकण्यात अर्थ नाही. ती थांबवा.

पर्सनल लोनमध्ये जादा भरताना वेगळीच गंमत होते. अ‍ॅपवरून १०,००० जास्त भरले, तर कित्येक फायनान्स कंपन्या ते मुद्दलात न टाकता जादा जमा म्हणून ठेवतात आणि पुढच्या हप्त्यात वळते करतात. व्याज एक पैशाने कमी होत नाही. म्हणून लेखी किंवा ई-मेलने कळवा: "ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी." मग परतफेडीचं नवं वेळापत्रक मागून घ्या आणि शिल्लक मुद्दल तपासा. आधी मंजुरीपत्र वाचा, कारण पर्सनल लोन बहुधा स्थिर दराचं असतं आणि मुदतीआधी फेडीवर शुल्क असतं. काही ठिकाणी ठरावीक हप्ते होईपर्यंत परवानगीच नसते. बदलत्या दराच्या गृहकर्जाला व्यक्तीकडून असं शुल्क घेता येत नाही.

पगार ७ तारखेला आणि हप्ता ५ ला, ही जोडी लगेच मोडा. अर्ज देऊन तारीख पुढे घ्या. हप्ता बाउन्स झाला की बँक वेगळे पैसे कापते, कर्ज देणारा वेगळे.

रोजच्या कमाईवर चालणाऱ्यांनी, म्हणजे रिक्षा, भाजी, वडापावची गाडी, महिन्याची वाट बघूच नये. पतसंस्थेचं कर्ज असेल आणि पिग्मीही चालू असेल, तर पिग्मीला मिळणारं व्याज आणि कर्जाला लागणारं व्याज शेजारी शेजारी लिहा. मग संस्थेत विचारा की रोजची रक्कम थेट कर्जखात्यात घेता येईल का. आणि पतसंस्थेचा हप्ता चुकवू नका, तिथे जामीनदार असतो. तुमची थकबाकी त्याच्या दारात जाते.

नातेवाइकांच्या हातउसन्या पैशाला व्याज नाही, म्हणून ते शेवटी राहतं. पण महिन्याला हजार का होईना, ठरलेल्या तारखेला यूपीआयने पाठवा. नोंद राहते, संबंधही राहतात.

सावकाराचं कर्ज असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ तुमच्या बाजूने आहे. परवाना असलेल्या सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, शेतकऱ्याकडून ९ आणि १२. परवाना नसेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. बँक किंवा फायनान्स कंपनीच्या वसुली एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची मुभा नाही. दमदाटी झाली तर आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फोनवर "अर्ध्यात सेटलमेंट करू" म्हणाले तरी घाई नको, सिबिल अहवालात "सेटल्ड" शेरा पडला की पुढे वर्षानुवर्षं नवं कर्ज मिळताना अडतं. हप्ता झेपतच नसेल तर स्वतःहून शाखेत जाऊन मुदत वाढवून मागणं जास्त बरं.

शेवटचा हप्ता गेला की तीन कामं त्याच आठवड्यात करा. कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र घ्या. सह्या करून दिलेले कोरे चेक परत मागा. खात्यावरची ऑटो-डेबिटची परवानगी रद्द करा. मग महिन्याभराने सिबिलचा अहवाल काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात त्या कर्जापुढे "क्लोज्ड" आणि शिल्लक शून्य दिसत नसेल, तर ते पत्र जोडून तिथेच हरकत नोंदवा.