दुकान तुमचं, पण फोन माझा

दुकानात फोटोला मनाई करण्याचा हक्क मालकाला आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. "इथे कुणीही येऊ शकतं, म्हणजे सार्वजनिक जागाच की!" हा आम्हा फोटोवाल्यांचा लाडका मुद्दा टिकत नाही. दार सगळ्यांना उघडं असलं तरी जागा खासगीच. कॅमेरा ठेवा म्हटलं की ठेवायचा, बाहेर व्हा म्हटलं की व्हायचं. अडून बसलात तर बहुतेक ठिकाणी तुमचीच बाजू लंगडी पडते.

माझं भांडण पुढचं आहे. गार्ड लेन्सवर तळवा धरतो आणि म्हणतो, "माझ्यासमोर डिलीट करा. रिसेंटली डिलीटेडमधूनही काढा." हा अधिकार याला कुणी दिला? जागेवरचा हक्क माझ्या गॅलरीपर्यंत पोहोचत नाही. फोन हिसकावून घेतला, तर गुन्हा कोणाचा हा प्रश्न उलटा फिरू शकतो. आणि फोटोचा कॉपीराइट सहसा काढणाऱ्याचा असतो, भिंती कुणाच्याही असोत.

फोटो नष्ट करायला लावताच येत नाही असं नाही, पण ते काम कोर्टाचं. १८९८ मध्ये जर्मनीचा माजी चॅन्सेलर बिस्मार्क वारला, त्या रात्री दोन फोटोग्राफर चोरून त्याच्या खोलीत घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढला. कुटुंब कोर्टात गेलं. १८९९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, तोही मुख्यतः घुसखोरी करून मिळवलेलं स्वतःकडे ठेवता येणार नाही, या मुद्द्यावर. (स्वतःच्या छबीवरच्या हक्काचा कायदा जर्मनीत त्यानंतर, १९०७ मध्ये आला.) इतक्या उघड घुसखोरीतही फैसला न्यायाधीशांनी केला, दारावरच्या माणसाने नाही.

ट्रायल रूमच्या आसपास कॅमेरा काढणाऱ्याची बाजू मात्र मी घेणार नाही. काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीचीही परवानगी घ्याच. आपण निघून जाऊ शकतो, तिला शिफ्ट संपेपर्यंत तिथेच उभं राहायचं असतं.

पण "ग्राहकांच्या प्रायव्हसीसाठी" हे कारण छतावरच्या डझनभर कॅमेऱ्यांखाली उभं राहून कुणी सांगितलं की हसू येतं. अमेरिकेतल्या राइट एड या औषध दुकानांच्या साखळीने चेहरे ओळखणारी यंत्रणा लावली आणि भलत्याच ग्राहकांवर चोरीचा संशय घेतला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित जपणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने) त्या वापरावर ५ वर्षांची बंदी जाहीर केली. ग्राहकाने लेबलचा फोटो काढला तर गार्ड धावतो. ग्राहकाचा चेहरा साठवताना त्याला कोण विचारतं?

नियम असेल तर दारातच, दिसेल असा लावा. वाचून मी कॅमेरा बॅगेत टाकेन, नाहीतर दुसरं दुकान बघेन. पाटी नसताना काढलेला फोटो पुसायला सांगितलात तर मी नाही म्हणेन आणि निघून जाईन.