क्रॉस, ट्विस्ट आणि उसवा

बॉबिन लेस म्हणजे उशीवर टाचण्या टोचून, बॉबिन नावाच्या दांड्यांवर गुंडाळलेले दोरे त्यांच्याभोवती एकमेकांत गुंफत विणलेली जाळी. तिच्यात हालचाली दोनच. समोर चार बॉबिन ठेवायच्या. डावीकडून एक, दोन, तीन, चार. दोन नंबरची तीनवरून पलीकडे टाकली की क्रॉस. दोनची एकवरून आणि चारची तीनवरून टाकली की ट्विस्ट. झाला अभ्यासक्रम पूर्ण. क्रॉस-ट्विस्ट म्हणजे अर्धा टाका, क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस म्हणजे कापडी टाका, आणि सोळाव्या शतकापासून युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या गळ्याभोवती जी झुळझुळीत जाळी दिसते, तिच्यातली बरीचशी यातूनच निघाली. एकच बारीक अट आहे. नंबर बॉबिनचे नसतात, जागांचे असतात. दोनची उडी मारून गेली की ती तीनची झाली, हे हातांना चटकन कळतं, डोक्याला नाही. बॉबिनवर स्केचपेनने आकडे घालणाऱ्या हुशार माणसाचा निकाल पहिल्या ओळीतच लागतो.

बॉबिन म्हणजे शिलाई मशीनमधली चकती नव्हे, हे दुकानदाराला पटवण्यात पहिली सकाळ जाते. लेसची बॉबिन म्हणजे चारेक इंची बारीक लाकडी दांडी, वरच्या टोकाला दोरा गुंडाळायला मान. इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या बॉबिनला खाली मण्यांचं कडं असतं. ते नटवायला नाही, वजनाला. शिवाय त्यामुळे दांडी उशीवर घरंगळत नाही. आइस्क्रीमच्या काड्यांना खाचा पाडून शिकता येतं, पण त्या इतक्या हलक्या की दोऱ्याला ताण म्हणून देत नाहीत. कातारी ओळखीचा असेल तर एक नमुना दाखवून दोन डझन कातून घ्याव्यात. एवढ्या दांड्या कशाला, हे तो विचारणारच; उत्तर तयार ठेवावं.

दोरा जोडीने भरायचा. टोर्शॉन हा बॉबिन लेसचा साधा, भौमितिक नक्षीचा प्रकार. त्याच्या वीसेक सेंटिमीटरच्या पट्टीला, म्हणजे पुस्तकात ठेवायच्या खुणेला, बारा जोड्या धरल्या तर प्रत्येक जोडीला दोन मीटरचा अखंड दोरा, अर्धा या बॉबिनवर, अर्धा त्या. पट्टीत कापडी टाक्याचा भाग असेल तर तिथे आडवी फिरणारी कामकरी जोडी दोरा कित्येक पट खाते, तिला दुप्पट शिधा. शेवटी मानेवर एक फास. तो उलटा पडला तर बॉबिन दर दोन मिनिटांनी लोटांगण घालते, आणि ती सोडवताना शेजारच्या तिघी गुंततात. शिलाईचा पॉलिस्टर दोरा आणू नये. ताणला की लांबतो, सोडला की आखडतो, आणि टाचण्या काढल्यावर पट्टी गोळा होते. सुती किंवा लिननच घ्यावा. कडेच्या टाचण्यांत सुमारे ७ मिलिमीटर अंतर असेल तर ८ नंबरचा पर्ल कॉटन, म्हणजे भरतकामाचा पिळदार सुती दोरा, चालतो. हाताशी असलेला दोरा याहून जाड निघाला तर नमुनाच झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणावा.

नमुना म्हणजे टिंबांचा कागद. टोर्शॉनमध्ये टिंबं ४५ अंशांच्या तिरक्या रेषांवर, त्यामुळे चौकटीच्या वहीवरही काढता येतात. कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा, वरून पारदर्शक चिकटपट्टीचं अस्तर, नाहीतर शाई दोऱ्याला लागते. मग एकेक टिंब सुईने आधीच टोचून घ्यायचं. कंटाळवाणं काम आहे, म्हणून सगळे टाळतात आणि मग कामाच्या मध्यावर टाचणी वाकडी घुसवून बोट टोचून घेतात. टाचण्या पितळी किंवा स्टेनलेस. मुंबईच्या पावसाळ्यात लोखंडी टाचणी आठवड्यात गंजते आणि नेमकी पांढऱ्या दोऱ्यावर सही करून जाते. उशी घट्ट हवी. झोपायची कापसाची उशी टाचणीला मान डोलावते, पण धरून ठेवत नाही.

युरोपीय पुस्तकांतल्या आकृत्या रंगांत बोलतात. जांभळी रेघ कापडी टाका, हिरवी अर्धा, लाल म्हणजे कापडी टाक्यानंतर आणखी एक ट्विस्ट. सोय उत्तम आहे. फक्त लेसची सरळ कड इंग्रज परंपरेने उजवीकडे ठेवतात आणि बाकीचे बरेचसे युरोपीय डावीकडे, त्यामुळे दोन पुस्तकं शेजारी उघडून बसलात तर काम आरशात चालल्यासारखं होतं.

टोर्शॉनमधला कोळी, म्हणजे कोळ्यासारखी दिसणारी नक्षी, हे सगळ्यांचं आवडतं प्रकरण. डावीकडून तीन जोड्या, उजवीकडून तीन, प्रत्येकीला दोन-तीन ट्विस्ट. प्रत्येक डावी प्रत्येक उजवीतून कापडी टाक्याने काढायची, म्हणजे नऊ टाके; मधोमध टाचणी; पुन्हा नऊ; मग पायांना तेवढेच ट्विस्ट. वर सहा पाय, खाली सहा. बारा पायांचा कोळी जीवशास्त्रात बसत नाही, पण लेसमध्ये शोभून दिसतो. एका पायाचा ट्विस्ट राहिला की तो पाय मात्र हत्तीपाय होतो, आणि हे कळतं केव्हा? खालची जाळी चार ओळी पुढे गेल्यावर.

इथून खरी लेस सुरू होते, म्हणजे उसवणं. कात्री चालत नाही, ओढून निघत नाही. शिमग्याच्या गोफात नाचणारे ज्या पावलांनी गोफ विणतात, त्याच पावलांनी उलटे फिरून तो सोडवतात, इथेही तसंच. ट्विस्ट सोडवायचा तर प्रत्येक जोडीत डावी उजवीवरून, क्रॉस सोडवायचा तर तीनची दोनवरून, आणि तेही शेवटचं आधी. टाचणी शेवटच्या क्षणी काढायची, आधी काढली तर गाठोडं. कापडी टाक्यात निदान कामकरी जोडी ओळखता येते. तिच्या कड्यात वेगळ्या रंगाचा मणी घातला की ती कुठे चुकली ते लगेच दिसतं. अर्ध्या टाक्यात तीही सोय नाही: जोडीतली एकच बॉबिन ओळभर इमानाने चालते, दुसरी दर टाक्याला जोडीदार बदलते. त्या ओळीत चुकलात तर तिथे भावना व्यक्त करू नयेत, दोरा तुटतो. तुटलाच तर नवा दोरा मागच्या टाचणीला अडकवून जुन्यासोबत बोटभर चालवायचा आणि मग जुना बाजूला टाकायचा.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात योहानेस व्हर्मीरने रंगवलेली लेस विणणारी मुलगी आहे. चित्र जेमतेम २४ बाय २१ सेंटिमीटर, मुलगी बॉबिन-टाचण्यांवर वाकून शांत बसलेली. मला या शांततेचा संशय आहे. तिने नुकतंच काहीतरी उसवलेलं असणार. स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावी तर लेसची शाळाच आहे, १८७६पासून आजतागायत चालू. तिथल्या मुलांना उसवण्याचे गुण वेगळे द्यावेत असं माझं प्रामाणिक मत आहे. आपल्या देशात ही विद्या एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या बायकांनी दक्षिणेत नागरकोइलला आणली. टाचण्या आणि दमट हवा यांचं भांडण तिथल्या बायकांनाही चुकलं नसेल.

पट्टी संपली की लगेच टाचण्या उपटू नयेत, रात्रभर तशीच राहू द्यावी. शेवटी जोडीजोडीने सरळ गाठी मारायच्या. बॉबिन सुट्या कापून टाकू नयेत. जोडीतले दोन दोरे एकमेकांना बांधूनच पट्टीपासून तोडायचे, म्हणजे पुढच्या पट्टीला बाराही जोड्या आयत्या. उरलेला दोरा पुरेल की नाही ते आत्ताच मोजावं. कोळ्याच्या मधोमध संपलेला दोरा जोडण्याइतकी सभ्य भाषा कुणाकडेच नसते.