गोष्टीतला हिशोब
मुलांना धंदा गोष्टीतून शिकवा हे लेखातलं म्हणणं एकदम पटलं. माझी मुलगी चौथीत आहे, नफा-तोट्याची गणितं आली की कंटाळते, पण रात्री मी तिला कंदील विकणाऱ्या एका मुलीची मनानेच रचलेली गोष्ट सांगते तर मध्येच थांबवून विचारते, आई अगं कामट्या, कागद, खळ सगळ्याचे पैसे धरलेस, तिच्या मेहनतीचे कुठे गेले?? पावसात निम्मे कंदील भिजले तेव्हा तर रडवेलीच झाली. लिज्जत पापड पण आपल्या मुंबईच्या गिरगावातच सुरू झालं, १९५९ साली, सात बायका आणि ८० रुपये उधार, हे सांगितलं तर तिला तीही गोष्टच वाटली. लेखकांनी फक्त हिरोला शेवटी करोडपती करू नका प्लीज, उधारी कशी फेडली ते लिहा.