हात लागला नाही तरी असॉल्ट होतो

'अंगाला हात लागला नाही तर इंग्लंडमध्ये असॉल्ट होत नाही' हे लेखातलं वाक्य (असॉल्ट म्हणजे हल्ल्याचा गुन्हा) सरळ चूक आहे, आणि ते वाचून एखादी बाई तक्रार न करता गप्प बसेल याची मला भीती वाटते. अंगाला हात लावणं, मग तो नुसता धक्का का असेना, हा तिथे बॅटरी नावाचा वेगळा गुन्हा. आता, याच क्षणी आपल्यावर बळ वापरलं जाईल असं समोरच्याला मुद्दाम किंवा बेफिकिरीने वाटायला लावलं, की असॉल्ट झाला. आर. विरुद्ध आयर्लंड खटल्यात (आर. म्हणजे सरकारपक्ष, आयर्लंड हे आरोपीचं आडनाव) आरोपी तीन बायकांना वारंवार, बहुतेक रात्रीच, फोन करून नुसता गप्प राहायचा. 1997 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तोही असॉल्ट ठरू शकतो असं सांगितलं आणि त्याची शिक्षा कायम ठेवली.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला एकटी राहत असताना मलाही असे फोन यायचे. पलीकडे फक्त श्वास. मी दाराला खुर्ची लावून, दिवा चालू ठेवून बसायचे. आपल्याकडच्या कायद्यात नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे, हावभाव किंवा तयारी लागते (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम 351, आता भारतीय न्याय संहितेचं 130). तेच डोक्यात धरून 'त्याने केलंय काय?' असं स्वतःलाच विचारत मी चार महिने काढले. लेखकाने ते वाक्य कृपया दुरुस्त करावं.