‘पासवर्डची कटकट’ : दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या ऑफिसात आम्ही लावून दिलेल्या शेअर फोल्डरबद्दल (मेन पीसीवरचं, सगळ्या मशीनवरून उघडणारं फोल्डर) तुमच्या तीन तक्रारी आहेत. पूर्वी ते पासवर्डशिवाय उघडायचं, आता सहा जणांना सहा लॉगिन. लाईट जाऊन आल्यावर एकाही मशीनवर फोल्डर उघडेना. आणि एका मॅडमचा पासवर्ड बरोबर असूनही घेत नाही.

फोल्डर उघडलं नाही ही सरळ आमची चूक. ड्राइव्ह मॅप करताना, म्हणजे ते फोल्डर प्रत्येक मशीनवर ड्राइव्हसारखं जोडताना, मेन पीसीचा आयपी अॅड्रेस (नेटवर्कवरचा पत्ता) टाकला, पण राउटरमध्ये तो राखून ठेवला नाही. राउटर पुन्हा चालू झाल्यावर पीसीला दुसराच आयपी मिळाला आणि सगळ्यांचे मॅप केलेले ड्राइव्ह जुन्याच पत्त्यावर शोधत बसले. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये (जिथून मशीनना आयपी वाटले जातात) पीसीच्या मॅक अॅड्रेसला, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डच्या ओळख क्रमांकाला, तो आयपी बांधला की हे होत नाही. पाच मिनिटांचं काम राहून गेलं, माफ करा.

लॉगिन मात्र काढू नका, ही कळकळीची विनंती. तुमच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ प्रो, २४एच२ ही आवृत्ती आहे. त्यात पासवर्डशिवाय, गेस्ट म्हणून शेअरमध्ये जाणं मुळातच बंद केलेलं आहे. ते जबरदस्तीने चालू करता येतं, पण ‘एव्हरीवन’ला (म्हणजे कुणालाही) फुल कंट्रोल असलेल्या फोल्डरमध्ये कुठल्याही एका मशीनवरचा रॅन्समवेअर (फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) सगळ्या फायली लॉक करू शकतो. तुमच्याकडे तर क्लायंटचे पॅन आणि बँक स्टेटमेंट आहेत.

मॅडमच्या मशीनवर आधी एवढं बघा: नेटवर्कवर पिन चालत नाही, मेन पीसीवर बनवलेल्या खात्याचाच पासवर्ड लागतो. तो बरोबर असेल, तर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं ती जागा) मेन पीसीच्या नावाची किंवा आयपीची जुनी नोंद असेल तर ती काढून टाका. एरर १२१९ आला तर त्याच पीसीला आधीच दुसऱ्या नावाने जोडणी झालेली आहे. मॅप ड्राइव्ह तोडा, साइन आउट करून पुन्हा जोडा. फोल्डर उघडतंय पण सेव्ह होत नाही, असं असेल तर पासवर्डला दोष नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग आणि सिक्युरिटी या दोन टॅबवर परवानग्या वेगळ्या असतात आणि नेटवर्कवरून जी कडक असेल तीच लागू होते. एकीकडे ‘चेंज’ (बदल करण्याची परवानगी) आणि दुसरीकडे ‘रीड’ असेल, तर फक्त वाचता येतं.

तुम्ही सांगाल त्या दिवशी आमचा माणूस येईल, पैसे लागणार नाहीत. राउटर आणि मेन पीसी तुमच्यासमोर बंद-चालू करून, सहाही मशीनवर एकेक फाईल उघडून सेव्ह झाली की मगच तो निघेल.