व्हायजर लावला म्हणून मूल गाडीत ठेवू नका

माझी धाकटी बहीण फोंड्याला राहते, नोकरी पणजीला, मुलगी अडीच वर्षांची. तिने यंदा छोटी एसयूव्ही घेतली. पावसाळ्यासाठी दारांना रेन व्हायजर (काचेच्या वरच्या कडेला लागणाऱ्या, पाऊस अडवणाऱ्या पट्ट्या) कुठले लावावेत, हे ती मला विचारत होती. तिथपर्यंत ठीक होतं. परवा तिने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, हे खरं असेल तर बरंच झालं. मंगेशीला पोचेपर्यंत बाळ झोपलेलं असतं, उठवायला नको." मेसेज तिला नणंदेने पाठवलेला, नणंदेला सोसायटीच्या ग्रुपवरून आलेला. म्हणजे शिकली सवरलेली, गाडी चालवणारी माणसं तो वाचून, हात जोडल्याची चित्रं लावून पुढे ढकलतायत.

मेसेज म्हणतो ते थोडक्यात असं. व्हायजर लावून चारी काचा दोन बोटं खाली ठेवल्या की उन्हात उभी केलेली गाडी तापत नाही, मुलं आणि म्हातारी माणसं आत निर्धास्त बसू शकतात. एंजिन चालू ठेवून झोपलात तरी विषारी वायू वरच्या फटीतून निघून जातो. पावसात एसीची गरज उरत नाही, काचेवर वाफ धरत नाही. मायलेज वाढतं. कंपनीचे व्हायजर म्हणजे लूट, बाजारातला कुठलाही 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही'चा सेट सगळ्यांना बसतो. आणि काळे घेतले तर काचेवरच्या काळ्या फिल्मचं काम होतं, पोलीस काही करू शकत नाहीत.

पहिलं वाक्य आधी घेतो. एंजिनचा मुद्दा सोडला तर बाकीचं चुकून फार तर पैसे जातील. हे चुकलं तर मूल जाईल.

२००५ साली 'पीडियाट्रिक्स' या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात मॅकलॅरन, नल आणि क्विन या तिघांचा एक अभ्यास छापून आला. स्वच्छ उन्हाचे १६ दिवस निवडून त्यांनी उभ्या गाडीच्या आतलं तापमान मोजलं. बाहेरचं तापमान त्या दिवसांत साधारण २२ ते ३६ अंश सेल्सिअस होतं. तासाभरात गाडीच्या आत सरासरी २२ अंशांची वाढ झाली, आणि त्यातली ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच. मग त्यांनी नेमकं तेच करून पाहिलं जे हा मेसेज करायला सांगतो. काचा दीड इंच खाली घेतल्या. दीड इंच म्हणजे दोन बोटंच. बंद काचांच्या गाडीत दर पाच मिनिटांना सरासरी १.९ अंश वाढ, उघड्या काचांच्या गाडीत १.७ अंश. शेवटी तापमान जिथे पोचलं त्यातही फरक पडला नाही. काच थोडी उघडी ठेवण्याचा उपयोग शून्याच्या जवळ, हे वीस वर्षांपूर्वी मोजून ठेवलेलं आहे.

आता कोणी म्हणेल, त्या गाडीला व्हायजर कुठे होता? अहो, व्हायजरने फट मोठी होत नाही. ती तेवढीच राहते आणि वर तिच्यापुढे एक झाकण येतं. उघड्या फटीने जे साधलं नाही ते झाकलेल्या फटीने कसं साधेल?

"गरम हवा वर जाते, फटीतून निघून जाते" हे ऐकायला पटतं, म्हणूनच ते घातक आहे. गाडी तापते ती आतली हवा कोंडल्यामुळे एवढंच नाही. ऊन पुढच्या मोठ्या तिरक्या काचेतून आत येतं, डॅशबोर्डवर आणि सीटवर पडतं. काळा डॅशबोर्ड तव्यासारखा तापतो आणि आतली हवा सतत गरम करत राहतो. त्याने बाहेर टाकलेली उष्णता काचेतून तितक्या सहज परत जात नाही. फटीतून थोडी हवा बाहेर गेली तरी तिच्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता दर मिनिटाला आत येतच असते. वारा पडलेला असेल तर ती थोडी हवाही नीट हलत नाही. व्हायजर पुढच्या काचेला शिवतसुद्धा नाही, मग तिथून येणारं ऊन तो अडवणार कसा?

हे आकडे आपल्याकडे आणून बघा. मे महिन्यात पणजीत दुपारी ३३-३४ अंश ही नेहमीची गोष्ट. त्यात पहिल्या अर्ध्या तासाची वाढ मिळवली की गाडीच्या आत ५० च्या वर. "अर्धा तास कोण थांबतंय, दहा मिनिटांत येतो" असं प्रत्येकजण म्हणतो. पहिल्या अर्ध्या तासाचा हिशोब धरला तर दहा मिनिटांत निदान सहा अंश चढतात. आणि देवळातली दहा मिनिटं दहाच असतात का? रांग असते, कोणीतरी ओळखीचं भेटतं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तर मासळीपाशीच पाव तास जातो. पावसाळ्यात ऊन नसतं, हेही बोलू नका. श्रावणात सर येऊन गेली की लख्ख ऊन पडतं, आणि ऑक्टोबर कसा असतो हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. त्या अभ्यासातला सगळ्यात थंड दिवस तर २२ अंशांचा होता. आपण त्याला थंडी म्हणतो. त्या थंडीतही उन्हात उभी गाडी आतून चाळिशी ओलांडत होती.

मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाचपट वेगाने तापतं, असं अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था पालकांना सांगते. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांवर गेलं की उष्माघात. आपल्याकडे वर दमटपणा. घाम येतो पण सुकत नाही, म्हणजे शरीर थंड ठेवायचा जो एकच मार्ग लेकराकडे असतो तोही अडतो. झोपलेलं मूल ओरडत नाही, सीटबेल्टचं बकल सोडवू शकत नाही. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आजीलाही "तू बस गाडीत, काच उघडी आहे" म्हणून ठेवू नका. मूल झोपलेलं असेल तर खांद्यावर घ्या. नाहीतर दोघांपैकी एकाने बाहेर सावलीत थांबा आणि आळीपाळीने दर्शन घ्या.

मग एंजिन आणि एसी चालू ठेवून जाऊ, असं बहिणीने लगेच विचारलं. नाही. अडीच वर्षांच्या मुलाच्या हाताला बटणं लागतात, लॉक लागतो, एसी कुठल्याही कारणाने बंद पडू शकतो. त्याच मेसेजमधला पुढचा मुद्दा याहून वाईट आहे. एंजिनच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. हा वायू मुळात गाडीच्या बाहेर, सायलेन्सरमधून निघतो. बंद शेडमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये तो गाडीभोवती साठतो. अशा वेळी काच उघडी ठेवली तर तो त्याच फटीतून आत येणार. एंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही, व्हायजर असो वा नसो.

आता पावसाचं. इथे मेसेजवाल्याला थोडं मान्य करावं लागतं. व्हायजर त्याच्यासाठीच असतो. घराला वळचण असते तशी काचेला ही पट्टी. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. टोलवर किंवा पंपावर काच थोडी उघडावी लागली तर बाही भिजत नाही. रायबंदर-चोडण फेरीबोटीत एंजिन बंद करून बसलं की गुदमरायला होतं, तिथे बोटभर फट ठेवता येते. सरळ रिमझिम असेल तर चालत्या गाडीतही चालतं. पण समुद्राकडून वारा सुटला, पाऊस आडवा यायला लागला की व्हायजरचा उपयोग संपला. काच वर घ्या.

एसीची गरज मात्र उरते. गाडीत चार माणसं, त्यांचे श्वास, ओले कपडे, पायाखालची ओली मॅट. आतली हवा बाष्पाने भरते आणि थंड काचेवर वाफ धरते. फट ठेवल्याने ती थोडी कमी होते, हे खरं. पण जुलैत बाहेरची हवाच ओली असते, ती आत घेऊन काच किती कोरडी होणार? एसी हवेतलं पाणी काढून घेतो. गाडीखाली टपकतं ते तेच पाणी. पुढच्या काचेवर हवा सोडणारा डिफ्रॉस्ट लावा, एसी चालू ठेवा, आणि हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद करा, बहुतेक लोक ते विसरतात. काही वेळा एसी फार थंड ठेवल्यामुळे वाफ काचेच्या बाहेरून धरते. तेव्हा आतून पुसून काही होत नाही, एकदा वायपर मारा आणि तापमान थोडं वाढवा. चोर्ला घाटात ढग उतरलेले असताना "व्हायजर आहे ना" म्हणून एसी बंद ठेवणारा माणूस स्वतःची पुढची काच आंधळी करून घेतो.

"कुठलाही सेट बसतो" हे धादांत खोटं. छोटी एसयूव्ही म्हणजे चार मीटरच्या आतली, एवढंच या गाड्यांमधलं साम्य. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट, प्रत्येकीच्या दाराची कड वेगळी. नावाने एकच असलेली गाडीसुद्धा बदलते. २०१६ ची विटारा ब्रेझा वेगळी, २०२२ ची ब्रेझा वेगळी, एकीचा व्हायजर दुसरीला बसेलच असं नाही. म्हणून दुकानात मॉडेलबरोबर वर्षही सांगा. वाकवून बसवलेला व्हायजर एक पावसाळा धरतो, मग एक टोक सुटतं, फडफडतं आणि हायवेवर मागच्या स्कूटरवाल्यावर जाऊन पडतं.

कंपनीचेच घ्या असं मी म्हणत नाही. मारुती, टाटा, ह्युंदाई यांच्या अ‍ॅक्सेसरीत डोअर व्हायजर असतात, महाग असतात, आणि बाहेरचा चांगला सेट तितकाच टिकू शकतो. बघायचं ते दोन गोष्टींत. एक, तो कसा बसतो. बाहेरून दाराच्या कडेला चिकटणारे वेगळे आणि काचेच्या रबरी खाचेत सरकवायचे वेगळे. खाचेतले दिसायला नेटके, टेपची भानगड कमी, पण ते काचेची जागा खातात. ड्रायव्हरची काच एका बोटाने आपोआप वर जाणारी असेल तर काच अडकल्यासारखी होते, यंत्रणेला वाटतं बोट सापडलं, आणि काच परत खाली येते. दुकानदार म्हणेल ते सेन्सरचं बंद करून देतो. मुलं असलेल्या घरात ते हरगिज करू देऊ नका. ती सोय मुलाच्या बोटांसाठीच आहे. बहिणीला मी बाहेरून चिकटणारेच सांगितले.

दुसरी गोष्ट टेप. चांगल्या व्हायजरला बहुधा थ्रीएम कंपनीचा व्हीएचबी हा दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप असतो. हा टेप लावल्याबरोबर पूर्ण धरत नाही. थ्रीएमच्या तांत्रिक माहितीनुसार साध्या खोलीच्या तापमानाला वीस मिनिटांत सुमारे निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण. त्याआधी कड कोरडी आणि तेलकटपणाविना हवी, मेणाचं पॉलिश असेल तर स्पिरिटने पुसून काढलेलं हवं. भर पावसात दुकानासमोर उभ्या गाडीला फडकं मारून व्हायजर चिकटवतात आणि चवथीपर्यंत तो निघतो, यात टेपचा काय दोष? मे महिन्यात लावा, किंवा पावसाळ्यात छपराखाली, आणि निदान एक दिवस काचा खाली करू नका, गाडी धुऊ नका.

मायलेजचं एका वाक्यात. व्हायजर हवेला थोडा अडथळाच करतो, मायलेज वाढण्याचं काहीही कारण नाही, आणि वेगात वाऱ्याचा आवाज थोडा वाढतो.

राहिला काळा रंग. सर्वोच्च न्यायालयाचा २७ एप्रिल २०१२ चा निकाल काचेवरच्या काळ्या फिल्मबद्दल होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० वा नियमही काचेबद्दल बोलतो, पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश यायला हवा. फिल्मचे नियम पुढे बदलत गेले, तो वाद वेगळा. दाराच्या कडेला लागलेली पट्टी काचेवरची फिल्म नसते, हे बरोबर. पण मग ती फिल्मचं काम कसं करेल? काचेचा वरचा थोडासा भाग झाकून ना ऊन थांबतं ना आतला माणूस लपतो. नुकसान मात्र होतं. गडद व्हायजरचं पुढचं टोक आरशाच्या वर, खांबाला लागून येतं, आणि पावसाळी रात्री वळणावर बाजूने येणारा दुचाकीवाला नेमका तिथेच असतो. फिकट धुरकट किंवा पारदर्शक घ्या. चिकटवण्याआधी दुकानदाराला तो नुसता धरायला सांगा, स्वतः सीट लावून बसा, आणि घरात उंच माणूस गाडी चालवत असेल तर त्यालाही बसवून बघा. टोकाआड रस्ता जात असेल तर तो सेट परत द्या.